तो चुरा धुळीचा नव्हता

प्रश्न: वडिलांची १९७५ ची यामाहा डीटी २५० बारा वर्षं झाकून ठेवलेली होती. या वर्षी मी ती बाहेर काढली. टाकी धुतली, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, नवा प्लग लावला आणि चौथ्या किकला गाडी सुरू झाली. एअर फिल्टर मूळचाच असावा. तो पेट्रोलमध्ये बुडवून चांगला पिळून काढला. तपकिरी चुरा बराच उतरला, म्हणजे धूळ खूप होती. मग फिल्टर इंजिन ऑइलमध्ये चिंब भिजवला आणि लगेच बसवला. आता गाडी अर्ध्या थ्रॉटलपुढे घुसमटते, प्लग काळा आणि ओला निघतो, एअरबॉक्सच्या तळाशी तेल साचतं. फिल्टर काढून दोनदा मैदानात चालवली, तर मोकळी पळाली. मित्र म्हणतो, जुन्या गाड्यांना एवढं काही लागत नाही, तशीच चालव. मन मानत नाही. काय करू?

उत्तर: मन मानत नाही ते अगदी बरोबर आहे. नवा फिल्टर बसेपर्यंत या गाडीला किक मारू नका. नुसता आवाज ऐकायला दोन मिनिटं सुरू करणंसुद्धा नको.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. पेट्रोलमध्ये तपकिरी चुरा उतरला, म्हणजे धूळ खूप होती, असं तुम्ही लिहिलंय. मला ती धूळ वाटत नाही. तेलात माखलेली धूळ धुतली की गाळासारखी तळाशी बसते आणि बोटांत चोळली की करकरते. तुमच्या भांड्यात तो गाळ अजून असेल तर हातमोजा घालून चिमूटभर घ्या आणि अंगठा-तर्जनीत चोळून बघा. करकर लागली तर धूळ. मऊ लागला, चिकटला, खोडरबराच्या मळासारखी त्याची वळी झाली, तर तो तुमचा फिल्टरच आहे. थोडाथोडा सुटून आलेला.

या फिल्टरांचा फोम पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला ओलावा वर्षानुवर्षं त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहतो आणि उष्णतेत हे काम आणखी वेगाने होतं. गाडी धावो की झाकलेली राहो, ते थांबत नाही. त्यामुळे जुन्या साठ्यातला, पाकीटही न फोडलेला मूळ कंपनीचा फिल्टर कोणी देऊ केला तरी हरखून जाऊ नका. पाकिटात राहूनही तो तेवढाच म्हातारा झालेला असतो.

हे मला एका जुन्या टू-स्ट्रोकने शिकवलं. गाडीबरोबर असाच पाकीटबंद फिल्टर मिळाला होता. दिसायला कोरा. तेल लावलं, बसवला. तिसऱ्या दिवशी गाडी आयडलला टिकेना. पायलट जेट, म्हणजे आयडलला इंधन मोजून सोडणारा बारीक छिद्राचा भाग, काढून उजेडाकडे धरला तर आरपार काही दिसेना. हवेचा झोत मारल्यावर त्यातून मोहरीहून लहान, पिवळट, चिकट गोळी बाहेर पडली. एअरबॉक्स उघडला तर फोमच्या आतल्या अंगाला बोट जाईल एवढं भगदाड. तसलाच चुरा कार्ब्युरेटरच्या स्लाइडच्या, म्हणजे मूठ फिरवली की वर जाऊन हवेची वाट उघडणाऱ्या भागाच्या, खाचेत. स्लाइड तिथे उघडीच अडकली असती तर मूठ सोडल्यावरही गाडी पळतच राहिली असती. तेव्हापासून कुठल्याही जुन्या गाडीत माझा हात आधी फिल्टरकडे जातो.

तेव्हा तुमचा फिल्टर धुण्याच्या पलीकडे गेलाय. खात्रीच करायची असेल तर कडेचा भाग चिमटीत दाबा आणि सोडा. चांगला फोम लगेच मूळ आकाराला येतो. दबून राहिला, बोटाला चिकटला, नखाने तुकडा निघाला, की निर्णय झाला. वडिलांच्या हाताचा म्हणून जपून ठेवावासा वाटत असेल तर खुशाल ठेवा, पण एअरबॉक्समध्ये नको.

आता मित्राच्या सल्ल्याबद्दल. फिल्टर काढल्यावर गाडी मोकळी पळाली हे खरं आहे, कारण तुमचा फिल्टर तेलाने तुंबला होता. हवा पुरेशी जात नव्हती, मिश्रण रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, झालं होतं, म्हणून घुसमट आणि काळा प्लग. तो अडसर गेल्यावर गाडीला बरं वाटणारच. पण या गाडीचा मेन जेट, म्हणजे जास्त थ्रॉटलला इंधन मोजून देणारा जेट, एअरबॉक्स आणि फिल्टर जागेवर आहेत असं धरून ठरवलेला असतो. फिल्टर पूर्ण काढला की मिश्रण उलट बाजूला झुकतं, लीन होतं. टू-स्ट्रोक लीन झाली की तापते आणि पिस्टन जाम होण्याची वेळ येऊ शकते. त्याच्या आधी बऱ्याचदा ती अगदी छान, तिखट पळते, आणि माणूस तिथेच फसतो.

शिवाय धूळ. २५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन ६,००० फेऱ्यांना, थ्रॉटल पूर्ण उघडा असताना, मिनिटाला हजारभर लिटर हवा ओढतं. मैदानातल्या धुळीत गारगोटीचे कण भरपूर, आणि गारगोटीची कठीणता मोह्जच्या मापनपट्टीवर ७, म्हणजे सिलिंडरच्या बिडाहून जास्त. पिस्टन आणि बोअर यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते आणि हे कण त्याच मापाचे असतात. फोर-स्ट्रोकमध्ये हवा व्हॉल्व्हमधून थेट सिलिंडरमध्ये जाते. तुमच्या गाडीत ती आधी क्रँककेसमध्ये शिरते, क्रँकच्या बेअरिंगांवरून, कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकावरून फिरते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणजे रिंगा आणि बोअरच्या आधी धूळ बेअरिंगांच्या वाट्याला येते. जुन्या गाड्यांना एवढं लागत नाही म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो: तिचे भाग मिळायला कठीण, म्हणून तिला नव्या गाडीपेक्षा जास्त लागतं.

दोनदा चालवलीत, त्याने सगळं संपलं असं मुळीच नाही. पण बघून घ्या. एअरबॉक्सकडून कार्ब्युरेटरकडे येणारा रबरी बूट काढा आणि पांढरं, लव न सुटणारं फडकं बोटाला गुंडाळून आत फिरवा. मग कार्ब्युरेटर काढून इंजिनाच्या बाजूच्या तोंडातही तसंच करा. पहिल्या ठिकाणी धूळ सापडणं अपेक्षितच आहे. दुसऱ्या ठिकाणी करकर लागली तर हेड उतरवून बोअर टॉर्चच्या उजेडात बघाच. उभ्या रेघांवर नख अडकलं तर आधी सिलिंडरचं काम, मग फिल्टर. नख सरकलं तर पुढे चला. कार्ब्युरेटर पुन्हा एकदा उघडावा लागेल याची मनाची तयारी ठेवा. फोमचा चुरा त्यात गेला असेल तर तो पायलट जेटमध्येच भेटेल. जेटमध्ये लोखंडी तार किंवा सुई घालू नका, छिद्र मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

नवा फोम. या मॉडेलसाठी नव्याने बनवलेला, आकारात शिवलेला किंवा चिकटवलेला फिल्टर मिळाला तर तोच घ्या. युनी, ट्विन एअर यांसारख्या कंपन्या जुन्या गाड्यांसाठीही फोम बनवतात. नाहीच मिळाला तर फिल्टर-फोमचा ताव आणून मूळच्या मापाने कापता येतो. यात एकच गोष्ट अडून बसून सांगतो: उशीचा, गादीचा, पॅकिंगचा फोम वापरू नका. दिसायला सारखा असला तरी त्याच्या पेशींमध्ये पातळ पडदे राहिलेले असतात. फिल्टरच्या फोममधले पडदे प्रक्रिया करून काढून टाकलेले असतात, फक्त काड्यांची जाळी उरते. तोंडाला लावून फुंकून बघा, फिल्टर-फोममधून श्वास अडखळत नाही. कापलेल्या तावाचे सांधे जोडताना पेट्रोलला न विरघळणारा, सुकल्यावरही लवचीक राहणारा गोंद हवा. कारण कार्ब्युरेटरकडून इंधनाची वाफ आणि शिंतोडे उलटे फिल्टरपर्यंत येतात आणि साध्या गोंदाचा सांधा त्यात काही आठवड्यांत उकलतो.

आणि आता तेल. फोम धूळ गाळतो असं आपण म्हणतो, पण हिशोब करून बघा. इंचाला ३० छिद्रांचा फोम असेल तर एक छिद्र पाऊण मिलिमीटरहून मोठं. इंजिन झिजवणारा कण त्याच्या दहा-वीसपट लहान असतो. कोरड्या फोममधून तो रमतगमत निघून जाईल. त्याला धरतं ते जाळीच्या काड्यांवरचं चिकट तेल. हवेला फोममध्ये सारखी वळणं घ्यावी लागतात, धुळीच्या कणाला तेवढं वळता येत नाही, तो काडीवर आपटतो आणि तेलात रुततो. फोमचं काम तेलाला जागा देण्याचं. म्हणूनच तेल कोणतं, किती आणि कसं पसरलंय यावर सगळं अवलंबून आहे.

तुमच्या हातून इथे दोन गोष्टी झाल्या. इंजिन ऑइल चिकटून राहात नाही, वजनाने खाली उतरतं. त्यात फोममध्ये उरलेल्या पेट्रोलने ते आणखी पातळ केलं. तेच आज एअरबॉक्सच्या तळाशी साचलंय. परिणाम असा की फिल्टरचा खालचा भाग तुंबलेला आणि वरचा भाग जवळजवळ कोरडा. घुसमटही तीच आणि धुळीला वाटही तीच.

फोम फिल्टरसाठीचं खास तेल घ्या. त्यात एक विरळ द्रावक मिसळलेला असतो, म्हणून ओतताना ते पातळ वाटतं आणि सगळीकडे पोचतं. द्रावक उडून गेला की मागे मधासारखा चिकट थर राहतो. बहुतेकांना निळा किंवा लाल रंग दिलेला असतो, तो फार उपयोगाचा. सुती कापडाच्या जाळीच्या फिल्टरचं तेल वेगळं, ते इथे लावू नका. खास तेल अजिबातच मिळत नसेल तर त्या काळातल्या होंडाच्या मॅन्युअलांमध्ये एसएई ८०-९० गिअर ऑइल सांगितलेलं असायचं. ते जाड असतं, इंजिन ऑइलपेक्षा बरं टिकतं. मीही अडीनडीला वापरलंय. पण त्यावर गाडी महिनाभर उभी ठेवायची नाही, तेही हळूहळू उतरतंच.

तेल लावायचं असं. हातमोजे घाला. कोरडा फोम एका स्वच्छ, जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि त्यावर तेल थोडं थोडं, निरनिराळ्या जागी ओता. पिशवीचं तोंड मुठीत धरा आणि बाहेरून कणीक मळल्यासारखा फोम मळा, पण तळहाताने, बोटांची टोकं न रोवता. सुरुवातीला रंगाचे गडद डाग आणि मधे फिकट बेटं दिसतात. बेटं नाहीशी होईपर्यंत मळत राहा. सांधे, कडा आणि आतली घडी शेवटपर्यंत फिकट राहतात, त्यांच्यावर नजर ठेवा. मग फोम पिशवीतच दोन तळहातांमध्ये दाबून जास्तीचं तेल काढा, जागा बदलून पुन्हा दाबा. बाहेर काढून धरलात तर थेंब पडता कामा नये, आणि उजेडासमोर धरलात तर छिद्रांत तेलाचे चमकणारे पडदे दिसता कामा नयेत. दिसले तर अजून दाबा. स्वच्छ जागी टांगून ठेवा. घाई असेल तर निदान तासभर, नसेल तर रात्रभर. बोट लावलं की चिकटलं पाहिजे, पण ओलं होता कामा नये. लगेच बसवलात तर द्रावकाची वाफ इंजिनात जाते आणि तेल जागा सोडतं.

पुढच्या वेळी धुवायचा तेव्हा पेट्रोल नको. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते, रॉकेलला त्यासाठी ३८ अंशांच्या वर जावं लागतं. बादलीभर पेट्रोल, आसपास एखादा हीटर किंवा स्विचची ठिणगी, एवढ्यावर आग लागते. शिवाय पेट्रोल सांध्यांचा गोंद सोडवतं आणि कातडीतून अंगातही जातं. फिल्टर क्लीनर घ्या, नाहीतर रॉकेल, तेही मोकळ्या हवेत. जैवविघटनशील तेल वापरत असाल तर त्याच्याच सोबतचा क्लीनर घ्या.

आणि पिळू नका. हे हाताला आवरणं कठीण जातं, कारण ओलं काही हातात आलं की पिळायची आपली सवय. पिळल्याने सांधे उकलतात, जाळीच्या काड्या तुटतात आणि भोकं अशा ठिकाणी पडतात जिथे वरून दिसत नाहीत. फक्त दाबा आणि सोडा. रॉकेलनंतर भांडी धुण्याच्या सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात एक फेरी, मग स्वच्छ पाणी आतून बाहेर सोडा, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने परत जाईल. सावलीत पूर्ण वाळू द्या. फोम आतून दमट असेल तर तेल तिथे बसतच नाही. कॉम्प्रेसरची हवा, हेअर ड्रायर, कडक ऊन, काही नको. वापरलेलं रॉकेल एका झाकणाच्या डब्यात ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा कामाला येतं. ते गटारात ओतू नका.

आता बसवणं. माझ्या अनुभवात जुन्या गाड्यांची इंजिनं घाणेरड्या फिल्टरने जेवढी खराब होतात, त्याहून जास्त न बसलेल्या फिल्टरने होतात. फोम उत्तम, तेल उत्तम, आणि कडेला कागदाच्या जाडीची फट असेल तर हवा ती सोपी वाट घेते, आपल्याबरोबर धूळ घेऊन.

सीट किंवा साइड पॅनेल काढण्यापूर्वी आजूबाजूची माती ओल्या फडक्याने पुसून घ्या. फिल्टर काढला की लगेच बुटाच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, आणि त्याचं टोक बाहेर एवढं लोंबू द्या की ते विसरून झाकण लावताच येणार नाही. मग एअरबॉक्स आतून कोरडा पुसा आणि तळाशी पाणी जाण्याचं भोक मोकळं आहे का बघा. रात्री दिवे मालवून आत टॉर्च ठेवा आणि बाहेरून फिरून बघा. पन्नास वर्षांच्या प्लास्टिकला बोल्टांपाशी आणि कोपऱ्यांत तडे जातात, तिथून उजेडाची रेघ दिसेल. बूट हातात घेऊन वाकवा. रबर कडक झालं असेल, घडीत भेगा दिसत असतील तर तो बदला. फिल्टरनंतरच्या बुटाला भेग म्हणजे फिल्टर नसल्यासारखंच.

फोमच्या आतला सांगाडा, म्हणजे पिंजरा, वाकडा असेल तर सपाट जागेवर ठेवून सरळ करा. त्यावर बारीक धातूची जाळी असेल तर ती कापून टाकू नका. कार्ब्युरेटरमधून उलटा भडका आला तर फोम पेटू नये म्हणून ती असते. फिल्टरची जी कड एअरबॉक्सला टेकते तिच्यावर पाण्याला न धुपणाऱ्या ग्रीसचा पातळ, सलग थर द्या. फक्त कडेला. फोमच्या तोंडावर ग्रीस लागलं तर तेवढा भाग हवेला बंद. मग फिल्टर बसवा, हलकेच दाबा आणि पुन्हा काढा. समोरच्या पृष्ठभागावर ग्रीसचं कडं पूर्ण उमटलं का बघा. जिथे तुटलंय तिथेच फट आहे. मला ही खूण कुठल्याही मोजमापापेक्षा विश्वासाची वाटते. कडं पूर्ण उमटेपर्यंत पिंजरा, टेकण्याची जागा, क्लिप, जे लागेल ते नीट करा.

किती दिवसांनी धुवायचा हे धूळ ठरवते. कोणाच्या मागोमाग धुळीत चालवली असेल तर त्याच दिवशी उघडा. एकट्याने, ओल्या मातीत चालवली असेल तर दोन-तीन फेऱ्या निघतात. दोन फोम ठेवा आणि तेल लावलेला दुसरा बंद पिशवीत तयार ठेवा, म्हणजे कंटाळ्यापोटी घाणेरड्यावरच निघायची वेळ येणार नाही. गाडी महिनोन्महिने उभी राहिली असेल तर फिल्टर स्वच्छ दिसला तरी धुऊन नव्याने तेल लावा.

हे सगळं झाल्यावर एअरबॉक्सच्या तळाचं जुनं तेल पुसलंय ना ते बघा, नवा प्लग लावा आणि वीसेक मिनिटं साध्या वेगाने चालवा. परत आलात की फिल्टर काढून बुटात पांढरं फडकं फिरवा. स्वच्छ निघालं तर बैठक जमली. प्लगकडे बघा. तांबूस-तपकिरी असेल तर घुसमट फिल्टरचीच होती. अजूनही काळा आणि ओला असेल तर चोक पूर्ण बंद होतो का, फ्लोटची पातळी बरोबर आहे का, आणि ऑटोल्यूब पंपाच्या, म्हणजे इंजिनात आपोआप तेल सोडणाऱ्या पंपाच्या, खुणा थ्रॉटलच्या केबलशी जुळतात का, या क्रमाने तपासा. बारा वर्षं उभ्या गाडीत ती केबल अडकून पंप जास्त तेल देत राहिल्याचं मी पाहिलंय. त्यानंतरही काळाच निघाला तर मेन जेटवर कोरलेला आकडा वाचा आणि प्लगच्या वर्णनासह मला कळवा, तिथून पुढे बघू.